एकाच सत्रात लघुउद्योग आणि जीवशास्त्र : खान्देशातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने अभ्यास कसा करावा

बारावीचा निकाल लागून प्रवेशाचा अर्ज हाती आला की विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती विषयांच्या नावांशी. कनिष्ठ महाविद्यालयात जो विषय जीवशास्त्र या एका नावाने शिकवला गेला, तो पदवीच्या वर्गात वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा निरनिराळ्या विभागांत वाटला गेलेला असतो. आणि घरी ज्याला साधेपणाने धंदा म्हणतात, तो अर्जावर लघुउद्योग व्यवस्थापन, उद्योजकता विकास किंवा व्यवसाय परिचय अशा भारदस्त नावांनी उभा असतो. ही नावे महाविद्यालयागणिक बदलतात. म्हणून नावावरून निवड न करता अभ्यासक्रमाची घटकवार यादी वाचावी, तासिका किती आणि प्रात्यक्षिके किती ते पाहावे, आणि मगच रकाना भरावा. मित्राने जे घेतले तेच आपणही घेतले, हे कारण दुसऱ्या सत्रापर्यंत टिकत नाही.

हे दोन विषय एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येण्याचे कारण नव्या रचनेत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ साली जो श्रेयांक (क्रेडिट) आराखडा ठरवला, त्यात मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा एक खुला ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. महाविद्यालयात त्याला सर्रास ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. त्यामुळे वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी वाणिज्य शाखेच्या वर्गात लघुउद्योग शिकताना दिसते आणि वाणिज्यचा विद्यार्थी मानवी आरोग्य किंवा आहार अशा जीवशास्त्राच्या जवळच्या विषयाला बसतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९९० साली स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे संलग्न महाविद्यालयांचा आराखडा मुळात एकच असतो, परंतु स्वायत्त महाविद्यालयांची विषययादी स्वतंत्र असू शकते. ज्याला नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचे आहे, त्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचीही चौकशी करावी, मात्र प्रयोगशाळेची सोय कोणत्या केंद्रात आहे हे आधी विचारून घ्यावे.

श्रेयांकाचा हिशेब प्रवेशाच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही, म्हणून तो येथे मांडतो. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, तर प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांकांचा लघुउद्योगाचा विषय पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तास मागतो. तितक्याच श्रेयांकांचे जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक आठवड्याला चार तास मागते. गुणपत्रिकेत दोन्हींचे वजन सारखे दिसते, पण दिवस खाण्याची त्यांची ताकद सारखी नसते. दोंडाईचा, अमळनेर किंवा धरणगावहून भुसावळ–सुरत मार्गावरच्या गाडीने, अथवा आडगावातून एस.टी.च्या पासवर अप-डाउन करणाऱ्याने प्रात्यक्षिकाची तुकडी निवडताना परतीच्या गाडीची वेळ आधी पाहावी. शेवटची बस चुकू नये म्हणून स्लाइड अर्धवट टाकून पळणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात, आणि त्यांच्या वहीत अर्धी आकृती तशीच राहते.

एक वही दोन नावांनी

दोन्ही विषयांची सुरुवात वहीपासून होते. वाणिज्यमध्ये तिला रोजकीर्द म्हणतात, विज्ञानात प्रयोगवही. दोन्हींचा नियम एकच आहे: जे घडले ते त्याच दिवशी, शाईने लिहावे, चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहावा, खोडरबर किंवा पांढरी शाई वापरू नये. दुकानदाराच्या वहीत खाडाखोड दिसली की कर तपासणारा अधिकारी भुवया उंचावतो, तसाच प्रयोगवहीत खोडलेला आकडा दिसला की परीक्षक थबकतो. दोघांनाही चुकीचा आकडा खटकत नाही, खटकते ती लपवाछपवी.

हा नियम मी स्वतः उशिरा शिकलो. प्रथम वर्षात असताना कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर मला विभाजन होत असलेली एकही पेशी दिसली नाही, तेव्हा मी पुस्तकातली आकृती पाहून सोळा गुणसूत्रे सुबकपणे काढून ठेवली. सरांनी वही पाहिली, नंतर माझ्याच सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिले आणि विचारले, "ही सोळा कुठे आहेत रे, मलाही दाखव." वर्गासमोर उत्तर देता आले नाही. त्या आकृतीला शून्य मिळाले. तिच्याऐवजी "मूळ चुकीच्या जागी कापल्यामुळे विभाजन दिसले नाही" हे एक वाक्य लिहिले असते तर निम्मे गुण मिळाले असते.

कांद्याच्या मुळापासून सुरुवात

पेशीविभाजनाचे हे प्रात्यक्षिक जवळजवळ सर्वत्र असते, म्हणून ते नीट करण्याची रीत सविस्तर देतो. बाजारातून आणलेल्या कांद्याची वाळलेली मुळे खरवडून टाकावीत आणि तो पाण्याने भरलेल्या पेल्यावर असा ठेवावा की फक्त तळ पाण्याला टेकेल. कांदा बुडाला तर कुजतो. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे एक ते दोन सेंटिमीटर वाढतात. ती सकाळी कापावीत, कारण त्या वेळी विभाजन होत असलेल्या पेशी अधिक मिळतात. कापलेली मुळे तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड यांच्या मिश्रणात रात्रभर ठेवल्यास पेशी जशा होत्या तशा थांबतात. पुढे त्यांना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे गरम केले की पेशींना चिकटवून ठेवणारा थर सैल होतो.

यानंतरचे पाऊल नेमके चुकते. मुळाचे टोक दोन-तीन मिलिमीटरपर्यंत किंचित दुधट, अपारदर्शक दिसते. विभाजन तेथेच चालू असते. त्याच्या वरचा भाग काचेसारखा दिसतो आणि तेथील पेशी आता फक्त लांब होत असतात. विद्यार्थी पकडायला सोपा म्हणून वरचा तुकडा घेतात आणि मग तासभर लांबट पेशी पाहत बसतात. केवळ दुधट टोक काचपट्टीवर घ्यावे, ॲसिटोकार्मिन या लाल रंजकाचा थेंब टाकावा, हलके गरम करावे, आच्छादन काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकावे, आणि टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबावे. अंगठा बाजूला सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात.

पाहताना आधी दहाच्या भिंगाने क्षेत्र शोधावे आणि नंतर चाळीसच्या भिंगावर जावे. नेत्रभिंग दहाचे असेल तर वर्धन अनुक्रमे शंभर पट आणि चारशे पट होते. चाळीसच्या भिंगावर मोठा स्क्रू फिरवू नये, कारण काचपट्टी फुटते आणि भिंगालाही चरा पडतो. मग मोजणी करावी. समजा एकूण २०० पेशी मोजल्या आणि त्यांपैकी १४ विभाजनाच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत आढळल्या, तर विभाजन निर्देशांक ७ टक्के झाला. शेजारच्या मुलीचा ९ आला म्हणून आपला ७ बदलण्याची गरज नसते. दोघींनी कोणत्या वेळी मुळे कापली हे शेजारी लिहिले, तर त्या फरकालाच अर्थ येतो.

भाषेबद्दल एक सूचना येथेच करतो. विज्ञानाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात, घरात अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिली बोलली जाते, आणि वर्गात शिक्षक इंग्रजी, मराठी व बोली या तिन्हींमध्ये हिंदकळत असतात. वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतःचा शब्दसंग्रह ठेवावा: मायटोसिस म्हणजे सूत्री विभाजन, मायोसिस म्हणजे अर्धसूत्री विभाजन, स्टोमॅटा म्हणजे पर्णरंध्रे, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका. प्रत्येक शब्दापुढे व्याख्या नव्हे, तर तो आपण स्वतः कोठे पाहिला ते लिहावे. "पर्णरंध्रे: ऱ्होइओच्या पानाच्या खालच्या सालीवर, मंगळवारी पाहिली" अशी नोंद तोंडी परीक्षेत जितकी उपयोगी पडते तितकी पाठ केलेली व्याख्या पडत नाही.

केळीवरचा एक आठवडा

प्रयोगशाळेबाहेर, घरच्या ओट्यावर, दोन्ही विषयांना एकदम उपयोगी पडणारा एक प्रयोग आहे आणि जळगाव जिल्ह्यात तरी त्याचे साहित्य अंगणात मिळते. कच्च्या, हिरव्या, टणक केळ्यांची एक फणी घ्यावी. सगळी केळी एकाच घडाची असणे महत्त्वाचे आहे. तीन केळी उघड्यावर ठेवावीत, तीन कागदी पिशवीत तोंड बांधून ठेवावीत, आणि तीन तशाच पिशवीत एका पूर्ण पिकलेल्या केळ्यासोबत ठेवावीत. दर दोन दिवसांनी प्रत्येक गटातील एक केळे आडवे कापून चकतीवर पातळ आयोडीन टाकावे. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणारे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळले तरी चालते. तपासलेल्या चकत्या खाऊ नयेत, गुरांनाही घालू नयेत.

पहिल्या दिवशी चकती निळसर काळी पडते, कारण कच्च्या केळ्याच्या गराचा सुमारे पाचवा भाग पिष्टमय पदार्थांचा असतो आणि आयोडीन पिष्टाला रंग देते. केळे पिकते तसे पिष्टाचे साखरेत रूपांतर होते आणि डाग फिकट होत जातो. तो आधी मध्यभागी फिकट होतो की कडेला, हे पुस्तकात न शोधता डोळ्यांनी पाहून लिहावे. पिकलेल्या केळ्यासोबतचा गट आधी बदलतो, कारण पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते आणि तो वायू शेजारच्या फळालाही पिकवतो.

खान्देशातल्या उन्हाळ्यात येथे एक गंमत होते. केळे आतून मऊ आणि गोड झालेले असते, पण साल हिरवीच राहते, आणि विद्यार्थी लिहितो, "केळे पिकले नाही." ग्रँड नैन हे केळीचे वाण ज्या कॅव्हेंडिश गटात मोडते, त्या गटाच्या केळ्यांच्या सालीतील हरितद्रव्य जास्त तापमानात पूर्ण नष्ट होत नाही, म्हणून पिकवणीच्या शीतगृहात तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस राखतात. ग्राहकाला हवा असलेला पिवळा रंग म्हणजे व्यापाऱ्याचे विजेचे बिल होय. जीवशास्त्राच्या वहीत हे हरितद्रव्याचे वाक्य जाते, लघुउद्योगाच्या वहीत विजेचे. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास अन्न सुरक्षा नियमांनी बंदी आहे, हेही दोन्ही वह्यांत लिहिण्यासारखे आहे.

केळीला बी का नसते, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. त्यांच्या जोड्या नीट लागत नसल्यामुळे अर्धसूत्री विभाजन बिघडते आणि बी धरत नाही. म्हणूनच लागवड मुनव्यांनी, कंदांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी करावी लागते. सारी बाग एकाच जनुकीय साच्याची असल्याने रोग आला की एकाला सोडून दुसऱ्याला लागत नाही; शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक विषाणू रावेर-यावलच्या बागांत पसरतो तेव्हा हेच दिसते. विषाणूमुक्त रोपे विकणे हा व्यवसाय का उभा राहिला, याचे उत्तरही त्या ३३ गुणसूत्रांत आहे.

आनुवंशिकता: नंदुरबारचे उदाहरण जपून वापरावे

मेंडेलची वाटाण्याची रोपे पुस्तकात असतातच. परंतु सातपुड्यालगतच्या आदिवासी गावांतून आलेल्या विद्यार्थ्याला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे नाव मेंडेलच्या आधी माहीत झालेले असते, आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ साली सुरू झाल्यापासून तपासणीची कार्डे घराघरांत आली आहेत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढ्या एका बदलाने ऑक्सिजन कमी झाल्यावर तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले पण स्वतः आजारी नसलेले, असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी जनुके मिळण्याची २५ टक्के असते.

येथे चूक होते ती गणितात. "चारांपैकी एक" याचा अर्थ तीन निरोगी मुले झाल्यावर चौथे आजारी होणार असा नाही, आणि पहिले आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली असाही नाही. प्रत्येक गरोदरपणी नाणे नव्याने उडवले जाते. दोन नाणी घेऊन ती शंभर वेळा उडवावीत, दोन्ही काटे पडले की आजार, एक छाप व एक काटा पडला की वाहक अशी नोंद करावी. शंभरात नेमके पंचवीस क्वचितच येतात आणि तसे न येणे हेच शिकण्यासारखे आहे. प्रकल्पासाठी वर्गमित्राच्या कुटुंबाची वंशावळ त्याच्या परवानगीशिवाय काढू नये. परवानगी असली तरी नावे लिहू नयेत. वाहक असण्यावरून गावात सोयरिकी मोडतात, हे खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही.

उत्क्रांतीसाठी कपाशी पुरते. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ साली आले, आणि २०१७च्या हंगामात राज्यभर गुलाबी बोंडअळीने शेते पोखरली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत असे; ती बांधाकडेने पेरली असती तर तेथे वाढलेल्या साध्या अळ्यांचा प्रतिकारक अळ्यांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती सावकाश पसरली असती. ती पुडी किती घरांत पेरली गेली, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे. नैसर्गिक निवडीवरचे उत्तर त्या संवादातून आपोआप लिहिता येते.

वेफर्सच्या किलोमागे

लघुउद्योगाच्या विषयात व्याख्या फार असतात आणि त्या गाइडमधून पाठ करण्याचा मोह होतो. येथे सावध राहावे. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटी रुपये अशी झाली आहे; जुन्या नोट्समध्ये एक कोटी आणि पाच कोटी असेच आकडे सापडतील. उद्यम नोंदणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या होते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. बाहेर पाटी लावून त्यासाठी पैसे घेणारे पुष्कळ आहेत. माल विकणाऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे चाळीस लाखांच्या उलाढालीनंतर लागते, आणि खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी उलाढाल कितीही लहान असली तरी लागते. एवढे पुरे. खरा अभ्यास हिशेबात आहे.

समजा, फैजपूर किंवा सावद्याजवळच्या एका घराने केळीचे वेफर्स करायचे ठरवले. कच्ची केळी २० रुपये किलो दराने मिळतात असे धरू, आणि साल, तुकडे व उडून जाणारे पाणी वजा जाता चार किलो केळ्यांतून एक किलो वेफर्स होतात असे धरू. किलोमागे केळी ८० रुपये, तेल ४९, मीठ-मसाला ६, गॅस १५, पिशवी व लेबल १२, आणि दुकानदाराचे दहा टक्के कमिशन २४. बेरीज १८६ रुपये. विक्री २४० रुपये किलोने. म्हणजे प्रत्येक किलोमागे ५४ रुपये हाती राहतात. हा नफा नव्हे. महिन्याला जागेचे भाडे ५,०००, घरातील व्यक्तीची मजुरी ९,०००, वीज-फोनचा स्थिर आकार ९०० आणि यंत्राची झीज व कर्जाचे व्याज ४,००० असे १८,९०० रुपये माल विकला नाही तरी जातातच. १८,९०० भागिले ५४ म्हणजे ३५० किलो. महिन्यातले पंचवीस दिवस काम धरले तर रोज चौदा किलो विकल्यावर हे घर ना नफा ना तोटा या रेषेवर उभे राहते.

विद्यार्थी यांतील ९,०००चा आकडा नेहमी वगळतात. "आई घरीच करते ना, सर" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता तो प्रश्न मी पहिल्याच तासाला विचारून टाकतो. आईची मजुरी धरली नाही तर धंदा चालल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात आई तो चालवत असते.

आता केळीचा भाव बदलून पाहावा. बऱ्हाणपूरच्या बाजारातले भाव इकडच्या बांधावर रोज चर्चेत असतात आणि मृगबाग व कांदेबाग या लागवडीच्या दोन हंगामांच्या कापणीप्रमाणे आवक कमीजास्त होते. भाव २० वरून २५ झाला तर किलोमागचा खर्च २०६ होतो, हाती फक्त ३४ रुपये राहतात आणि तीच रेषा ५५६ किलोंवर जाते. कच्च्या मालाच्या भावात पाच रुपयांची वाढ झाली आणि रोजचा माल चौदा किलोंवरून बावीस किलोंच्या वर न्यावा लागला. परीक्षेत समतोल बिंदूची, म्हणजे याच ना नफा ना तोटा रेषेची, आकृती काढताना ही दोन उत्तरे शेजारी शेजारी मांडली तर वेगळे स्पष्टीकरण लिहावे लागत नाही.

खेळत्या भांडवलाचा हिशेब याहून कठोर असतो. केळी आणि तेल रोखीने घ्यावे लागते, दुकानदार मात्र पंधरा दिवसांनी पैसे देतो. कमिशन सोडून किलोमागे १६२ रुपये आधी खिशातून जातात. रोजच्या चौदा किलोंना २,२६८, आणि कामाच्या पंधरा दिवसांचे सुमारे ३४,००० रुपये कायम बाजारात अडकून राहतात. मुद्रा योजनेतील शिशु गटाचे कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळते, ते येथे कामी येते. पण यंत्र घेण्यातच ते संपवले तर दुसऱ्या आठवड्यात तेल आणायला पैसे नसतात. लहान धंदे तोट्याने बुडतात त्याहून अधिक उधारीने बुडतात, असे माझे मत झाले आहे.

आणि पिकू लागलेले केळे वेफर्सला का चालत नाही, याचे उत्तर मागच्या आठवड्याच्या आयोडीनच्या चकतीत आहे. साखर वाढलेली चकती तेलात लवकर काळपट होते आणि कुरकुरीत राहत नाही. कापलेली चकती हवेत लालसर पडते, ते तिच्यातील विकराचे (एन्झाइमचे) काम असते. म्हणून कारागीर किसणी थेट कढईवर धरतो किंवा चकत्या मिठाच्या पाण्यात सोडतो. त्याला विकराचे नाव माहीत नसेल, पण किती सेकंदांत चकती बिघडते ते त्याला पक्के ठाऊक असते.

प्रकल्पासाठी बाहेर पडताना

लघुउद्योगाच्या प्रकल्पात एखाद्या व्यावसायिकाची मुलाखत घ्यावी लागते. जळगावात डाळ मिल, चटई आणि प्लास्टिक पाइपचे कारखाने आहेत, नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या पथारी आहेत, आणि प्रत्येक गावात पापड, बिबडे, कुरडया करणारा बचत गट आहे. मोठ्या कारखान्याच्या फाटकावर दिवस घालवण्यापेक्षा बचत गटाच्या ताईंकडे जावे. दुपारी जावे, सकाळी वाळवण घालण्याची घाई असते. "नफा किती होतो?" असे विचारू नये, कोणी खरे सांगत नाही आणि सांगू नये. "ताई, परतीचा माल किती येतो? पावसाळ्यात काय करता? पिशवी कुठून आणता?" असे विचारावे. परत आलेल्या मालाविषयी माणूस मोकळेपणाने बोलतो, कारण त्यात तक्रार असते, आणि त्या तक्रारीत धंद्याची सारी रचना सापडते.

इतिहासाचा एखादा परिच्छेद हवा असेल तर अमळनेरला जावे. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही वनस्पती तूप करणारी कंपनी तेथे स्थापन झाली आणि पुढे तीच विप्रो झाली. संगणकापर्यंतची गोष्ट सर्वांनाच लिहिता येते. प्रकल्पात त्याऐवजी तेलाचा कारखाना अमळनेरलाच का, हा प्रश्न घ्यावा आणि तेलबिया, रेल्वे व बाजारपेठ यांचा नकाशा हाताने काढावा.

जीवशास्त्राच्या सहलीसाठी पाल, यावल अभयारण्य किंवा तोरणमाळ ही ठिकाणे ठरलेली असतात. तेथे पन्नास झाडांची नावे उतरवून घेण्यापेक्षा अंजनाचे एकच झाड अर्धा तास पाहावे: दोन पानांची जोडी, उन्हातली तिची ठेवण, खोडाची साल, खाली उगवलेली रोपे आणि त्यांतली किती गुरांनी खाल्लेली आहेत. फांद्या तोडून आणू नयेत. अभयारण्यात तसे करणे गुन्हा आहे आणि वहीला छायाचित्र पुरते.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे काही वाचू नये. दोन्ही वह्या काढून तारखा क्रमाने आहेत का, प्रत्येक पानावर शिक्षकांची सही आहे का आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिले आहे का एवढे पाहावे. किलो, रुपये, मिलिमीटर, टक्के यांपैकी काहीतरी कोठेतरी राहिलेले असतेच. सही राहिली असेल तर त्याच दिवशी विभागात जाऊन घ्यावी. परीक्षेच्या सकाळी शिक्षक बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या चहापाण्यात असतात आणि तुमचे पान त्यांच्या टेबलावर तसेच पडून राहते.